हर्षलचे ‘कवाड’ मळ्यात एकदा वाजविण्याबाबत

प्रति,
मा. उपविभागीय दंडाधिकारी साहेब,
उपविभागीय कार्यालय,
जि. अहिल्यानगर.

अर्जदार: श्रीमती बनुबाई पुंजाराम येळवंडे, धंदा शेती, रा. चिंचमळा वस्ती, शनिशिंगणापूर ते घोडेगाव रस्त्यालगत.

लेखनिक: सूर्यभान, अव्वल कारकून (सेवानिवृत्त), रा. सदर वस्ती.

विषय: अर्जदार यांचा मयत मुलगा हर्षल याने तयार केलेले ‘कवाड’ हे हार्डकोअर प्रकारातील संगीत अर्जदार यांच्या स्वतःच्या मळ्यात, दिवसाउजेडी, एकदाच, पूर्ण आवाजात वाजविण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ: १) अर्जदार यांचा पोलीस ठाण्यास दिलेला अर्ज, दि. ३ फेब्रुवारी २०२५.
२) सदर अर्जावरील त्रुटींचे पत्र.
३) अर्जदार यांनी केलेली त्रुटींची पूर्तता.
४) नामंजुरीचे पत्र.

महोदय,

संदर्भातील चारही कागदांच्या प्रती आपल्या कार्यालयात पोहोचल्या आहेत. असे कागद कोणत्या फायलीत, कोणत्या फितीखाली आणि कोणाच्या डब्याखाली जाऊन बसतात हे लेखनिकास उभ्या नोकरीमुळे चांगले ठाऊक आहे. म्हणून सगळी हकिगत पुन्हा पहिल्यापासून मांडली आहे. अर्ज लांबला आहे, तरी तो शेवटपर्यंत वाचावा आणि मधूनच शेरा मारू नये, ही पहिली विनंती.

१) अर्जदार बनुबाई यांना सही करण्यापुरतेच अक्षर येते. त्यांनी ओट्यावर बसून सांगितले आणि लेखनिकाने लिहून घेतले. सरकारी भाषेत घालताना काही वाक्यांचा जीव जातो असे दिसून आले, ती बाईंच्याच तोंडची ठेवली आहेत. त्यावर ‘भाषा अनौपचारिक’ असा शेरा पडेल, तो मान्य आहे.

२) चिंचमळा वस्तीवरील घरांना चौकटी आहेत, कवाडे नाहीत. शिंगणापूरच्या शनिदेवाच्या भरवशावर बापजाद्यांपासून ही रीत चालत आली आहे. दाराला पडदा असतो, आणि कुत्रे चुलीपर्यंत जाऊ नये म्हणून एक फळी आडवी टेकवून ठेवतात. बाकी काही नाही. साहेब बाहेरगावचे असल्यास त्यांना याचे नवल वाटेल. परंतु या अर्जातील सगळे दुखणे त्या उघड्या चौकटीपासून सुरू होते, म्हणून ते आधी सांगितले.

३) अर्जदार यांचे पती फार पूर्वी वारले. हर्षल हा एकुलता मुलगा. साखर कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. पोरगा सरळ, निर्व्यसनी, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्याला नाद एकच होता, तो म्हणजे हार्डकोअर. साहेबांच्या माहितीसाठी, हा नाचण्याच्या संगीताचा एक प्रकार असून तो संगणकावर तयार करतात. युरोपात, त्यातल्या त्यात नेदरलँड्स देशात, त्याचे मोठमोठे उत्सव भरतात. मिनिटाला दोनशेच्या घरात ठोके पडतात. लेखनिकाने प्रथम ऐकले तेव्हा मळणीयंत्रात दगड गेल्यासारखे वाटले, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. परंतु हर्षलचा बालमित्र कल्याण, ज्याचा लग्नकार्यात वाजवण्याचा डीजेचा सेट आहे, त्याने लेखनिकास समजावले की, “काका, ह्ये कानानं ऐकायचं न्हाई. ह्ये छातीनं ऐकायचं.”

हर्षल तिकडच्या उत्सवांची नावे, कोणत्या मैदानावर कोण शेवटी वाजवणार, कोणाचे नवे काम कधी निघणार, हे सगळे तोंडपाठ सांगत असे. वस्तीवरची बाकीची पोरे क्रिकेटच्या धावा सांगतात तसे. शुक्रवारी तिकडे नवीन कामे बाहेर पडतात, म्हणून शुक्रवारी तो दोन घास कसेबसे पोटात ढकलून उठे. त्याच्या स्वतःच्या कामात मात्र सगळे इथलेच होते. कडबाकुट्टीचे मशीन, कारखान्याचा भोंगा, घोडेगावच्या बाजारातल्या बैलांच्या घुंगरमाळा. हे सगळे तो मोबाईलवर धरून आणी आणि संगणकात घालून त्याचे ठोके करी. त्याची दोन-तीन छोटी कामे त्या देशात निघाली होती. तिकडे रॉटरडॅम शहरात त्याला नावाने ओळखणारी माणसे होती, आणि इथे त्याच्या घराच्या ओट्यावर बसणाऱ्या माणसांनी त्याचा एक ठोका ऐकलेला नव्हता.

४) कारण उघड आहे. घराला कवाड नाही. मोठ्याने वाजवले तर सगळ्या वस्तीच्या कपाळावर आठी. म्हणून हर्षल कायम हेडफोन घालून काम करी. बाहेरून पाहणाऱ्यास एवढेच दिसे की एक धडधाकट पोरगा अंधाऱ्या खोलीत बसला आहे, आवाज कसलाच नाही, आणि मान मात्र गदागदा हलते आहे. हाका माराव्यात तर ओ नाही. अर्जदार यांचा जीव घाबरला. वारं लागलं असा त्यांचा समज झाला आणि त्या हर्षलला मढीला कानिफनाथांच्या पायांवर घालायला घेऊन गेल्या. हर्षल गुमान गेला. आईचा शब्द मोडायचा नाही म्हणून त्याने दर्शन घेतले, अंगारा लावून घेतला, रेवड्यांचा पुडा घेतला, आणि तिथला ढोल मोबाईलवर धरून आला. घरी येऊन पुन्हा हेडफोन, पुन्हा मान हलायला लागली. अर्जदार म्हणतात, “मला वाटलं नाथबाबांनी बी हात टेकलं.”

५) पुढे हर्षलने आईजवळ एक गोष्ट मागितली. उभ्या आयुष्यात त्याने दुसरे काही मागितल्याचे अर्जदार यांना आठवत नाही. तो म्हणाला, “आये, मधल्या खोलीला एक कवाड लावू दे. आत मोठ्यानं वाजवीन, बाहेर कुनाला तरास न्हाई.” अर्जदार म्हणाल्या, “आपल्यात कवाड लावत न्हाईत. लोक म्हनतील, बनुबाईच्या घरात लपवायसारखं काय आलं?” विषय तिथेच संपला. हर्षल रुसला नाही, चिडला नाही. त्याने एक नवीन काम हाती घेतले आणि त्याला ‘कवाड’ असे नाव दिले.

ते काम पुरे व्हायला पुष्कळ काळ गेला. अर्धवट काही कोणाला ऐकवायचे नाही असा त्याचा बाणा. अर्जदार यांना मात्र त्याने शब्द दिला होता की, “पुरं झालं की कल्याणचा सेट मळ्यात लावू. तू मधोमध उभी ऱ्हा. मग तुला कळंल मी इतकी वर्सं काय करत हुतो.” अर्जदार यांनी होकार दिला आणि त्या कामाला लागल्या, जशी कोणतीही आई लागेल. त्यांना त्यात विशेष काही वाटले नव्हते.

६) मागील डिसेंबरात, कारखान्याचा हंगाम भरात असताना, हर्षलने ते काम पुरे केले, जेवणाच्या सुट्टीत त्याची कामे काढणाऱ्या परदेशी कंपनीला पाठवून दिले, आणि कल्याणला निरोप धाडला की रविवारी सेट घेऊन ये. संध्याकाळी कारखान्यातून मोटारसायकलवर घरी येताना तो तेच ऐकत होता. मागून उसाने भरलेला ट्रॅक्टर येत होता. ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न दिला. पंचनाम्यात असे लिहिले आहे की मयताच्या कानात हेडफोन असल्याने त्यास हॉर्न ऐकू आला नसावा.

पंचनाम्याबद्दल अर्जदार यांची तक्रार नाही. ट्रॅक्टरवाल्याबद्दलही नाही, तोही कोणाचा तरी मुलगा आहे आणि दहाव्याला येऊन कोपऱ्यात बसून रडून गेला. परंतु लोक बोलायचे ते बोललेच. नको त्या नादाने पोरगा गेला, असे भेटायला आलेल्या बाया चहा पिता पिता बोलून गेल्या. अर्जदार यांनी लेखनिकास फक्त एवढे सांगितले: “कवाड लावू दिलं असतं तर त्यो घरात मोठ्यानं ऐकत बसला असता. रस्त्यानं कानात घालून कशाला आला असता?” यावर काहीतरी बोलावे लागते तेवढे लेखनिक बोलला.

७) (हा परिच्छेद अर्जदार यांना वाचून दाखवलेला नाही. साहेबांनी सुनावणी ठेवल्यास तो मोठ्याने वाचू नये.) मार्चमध्ये परदेशी कंपनीने कल्याणच्या मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. तिकडे एका मोठ्या शेडमध्ये, साधारण कारखान्याच्या साखर गोदामाएवढ्या, हार्डकोअरचा मेळा भरला होता आणि त्यात ‘कवाड’ पहिल्यांदा वाजले. येत्या मे महिन्यात ते सगळ्या जगासाठी निघणार आहे आणि उन्हाळ्यातल्या मैदानावरच्या मोठ्या उत्सवात पुन्हा वाजणार आहे. व्हिडिओत हजारो पोरे घामाघूम होऊन नाचताना दिसतात. त्यातल्या बऱ्याच पोरांची डोकी तुळतुळीत आहेत. ती तिकडची फॅशन आहे, हार्डकोअर ऐकणारे पूर्वीपासून तसे राहतात, असे कल्याणने लेखनिकास नंतर सांगितले.

अर्जदार यांनी तो व्हिडिओ पाहिला आणि मोबाईल कपाळाला लावला. म्हणाल्या, “एवढ्या पोरांनी माझ्या लेकापायी केस दिलं.” आमच्याकडे सुतकात केस देतात हे साहेबांना माहीतच आहे. हर्षलला भाऊ नाही, मूल नाही. दहाव्याला कल्याण एकटाच पुढे होऊन न्हाव्यासमोर बसला होता, याची बाईंना रुखरुख होती. ती त्या दिवशी गेली. तेव्हापासून अर्जदार यांचा घोष एकच आहे: “केस दिलेल्या पोरांनी ऐकलं आन् मी आई असून ऐकलं न्हाई. ह्ये बरं दिसत न्हाई.” साहेब, आमच्याकडून हा गैरसमज दूर होणार नाही. आपल्याही कार्यालयाने तो दूर करू नये.

८) आता मुद्द्याचे. ‘ऐकायचेच आहे तर मोबाईलवर ऐका, परवानगी कशाला’ असे पोलीस ठाण्यात तोंडी सांगण्यात आले. साहेब, कल्याणने हर्षलच्या संगणकातून मोबाईलवर घेऊन दिले आणि ते ऐकून झाले आहे. त्यातून जे झाले ते खाली देतो.

‘कवाड’मध्ये मधोमध एक जागा अशी आहे की तिथे सगळे ठोके थांबतात. अगदी सामसूम. आणि त्या सामसुमीत एका बाईची हाक येते: “आरं हर्षल, भाकर निवली.” ती हाक अर्जदार यांची आहे. हर्षल खोलीत बसून एक घुंगरमाळ वाजवून माईकवर धरत होता, तेवढ्यात अर्जदार यांनी चुलीपाशी बसून हाक मारली आणि ती त्यात आली. त्याने ती पुसली नाही, तशीच कामात घेतली. व्हिडिओत ती हाक येते तेव्हा त्या शेडमधली हजारो माणसे हात वर करून गप उभी राहतात. भाकर म्हणजे काय, ती निवली म्हणजे काय, त्यांना काय कळणार. पण उभी राहतात. आणि हाकेनंतर एकदम सगळी जमीन हादरल्यासारखी उडतात.

मोबाईलवर हाक स्वच्छ येते. त्यानंतर जे येते ते मोबाईलला पेलत नाही. नुसते टकटक टकटक, जुन्या घड्याळासारखे. कल्याण सांगतो की हाकेनंतर जे आहे ते सगळे बेसमध्ये, म्हणजे खालच्या घुमणाऱ्या आवाजात आहे, ते मोठ्या सेटशिवाय कोणत्याही उपकरणातून बाहेर पडत नाही. हेडफोनमधून थोडेफार येते म्हणून कल्याणने स्वतःचे हेडफोन आणले. अर्जदार यांनी ते हातात घेतले, कानापर्यंत नेले आणि तसेच खाली ठेवले. दुसऱ्यांदाही तसेच झाले. पुन्हा तो प्रयोग करण्याची कोणाची छाती नाही.

अर्जदार यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत: “जल्मभर म्या हाका मारल्या, त्यानं कधी ओ दिली न्हाई. कानात असायचं ना त्याच्या. आता कळतंय की त्याला ऐकू गेलं हुतं. हाक माझी हाय. तिला त्यानं काय उत्तर दिलंय, ते मला ऐकायचं हाय. मेल्यावर तरी पोराची ओ आईला मिळू द्या म्हनावं साहेबाला.”

९) संदर्भ क्र. १ अन्वये अर्जदार यांनी रीतसर अर्ज दिला होता. त्यावर संदर्भ क्र. २ च्या पत्राने ज्या त्रुटी काढल्या आणि अर्जदार यांनी त्या ज्या रीतीने पुऱ्या केल्या, ते पुढीलप्रमाणे.

कार्यक्रमाचे निमित्त लिहिले नाही अशी एक त्रुटी होती. छापील नमुन्यात लग्न, हळद, मिरवणूक, जयंती आणि धार्मिक एवढेच पर्याय आहेत. दुःख हा पर्याय नाही. टेबलावरच्या कर्मचाऱ्याने, माणूस भला होता, हळदीवर खूण करून टाका असे सुचवले. अर्जदार यांनी नकार दिला. “हळद लागायच्या आधी गेला त्यो. त्याच्या नावानं खोटी हळद मी लिहिनार न्हाई,” असे त्या म्हणाल्या आणि टेबलापासून उठून बाहेर पायरीवर जाऊन बसल्या. त्यांना तिथून उठवायला लेखनिकास बराच वेळ लागला. शेवटी नमुन्यावर हाताने ‘आईला ऐकविणे’ असा पर्याय वाढवून त्यावर खूण केली आहे. नमुन्यात खाडाखोड झाली ती यामुळे.

गीताचे बोल तीन प्रतींत द्या, ते कोणाच्या भावना दुखावणारे नाहीत याची खात्री करावी लागेल, अशीही एक त्रुटी होती. बोल तीन प्रतींत दिले. संपूर्ण बोल एका ओळीचे असून ते वर परिच्छेद ८ मध्ये आले आहेत. त्यावर ‘निवली’ या शब्दाचा अर्थ स्पष्ट करावा असे पुन्हा कळवण्यात आले. अर्थ तीन प्रतींत दिला: थंड झाली. कोणाच्या भावना दुखावतात का, असे विचाराल तर एकीच्या दुखावतात आणि तिचाच हा अर्ज आहे.

कलावंताने समक्ष हजर राहून हमीपत्र द्यावे, ही त्रुटी लेखनिकाने अर्जदार यांना त्या वेळी वाचून दाखवली नाही. मृत्यूचा दाखला जोडला होता. त्यावर ‘कलावंत मयत असल्यास त्याच्या गटाच्या प्रमुखाने हजर राहावे’ असे कळवण्यात आले. गट नव्हता, साहेब. तो आणि त्याचा संगणक. शेवटी कल्याण हजर राहिला. दहाव्याचे केस तेव्हा नुकते कुठे वाढत होते आणि ओळखपत्रावरच्या फोटोशी चेहरा जुळत नाही म्हणून त्याला एकदा परत पाठवले.

यानंतर संदर्भ क्र. ४ चे नामंजुरीचे पत्र आले. त्यात म्हटले आहे की रहिवासी क्षेत्रातील विहित मर्यादेत, म्हणजे साधारण दोन माणसे ओट्यावर बोलत बसतात तेवढ्या आवाजात, वाजविण्यास हरकत नाही. साहेब, तेवढ्या आवाजात ते वाजलेच आहे. मोबाईलवर. कायद्याबद्दल लेखनिकास आदर आहे. मिरवणुकीतल्या डीजेने म्हाताऱ्या माणसांच्या छातीत धडधड झाल्याचे त्यानेही पाहिले आहे आणि त्याविरुद्ध दोनदा सहीदेखील केली आहे. परंतु ही मिरवणूक नाही. ऊस तुटून मोकळे झालेले अर्जदार यांचे स्वतःचे रान आहे, आणि मध्ये उभी राहणारी एक बाई आहे. वाजायचे ते पाच मिनिटांच्या आत संपते.

१०) वस्तीवरील सर्व घरांची संमती सोबत जोडली आहे. यात पुष्पावती या शेजारीण बाईंचा उल्लेख करणे भाग आहे. त्यांची पोल्ट्री अर्जदार यांच्या बांधाला लागून आहे. मोठ्या आवाजाने कोंबड्या एका कोपऱ्यात गर्दी करून एकमेकींखाली चेंगरून मरतात, त्यामुळे त्यांचा विरोध असणार असे सगळ्यांनी धरले होते. शिवाय नको त्या नादाने पोरगा गेला असे बोलणाऱ्यांत त्या होत्या. लेखनिक संमतीचा कागद घेऊन त्यांच्याकडे सर्वांत शेवटी गेला, तोही मनाची तयारी करून. पुष्पावतींनी कागद वाचला, पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, “हायेत त्या कोंबड्या गाडीत भरून गेल्या की पुढची पिल्लं मी थांबवते. शेड मोकळं ऱ्हाईल. तिला म्हनावं, वाजीव.” पिल्ले देणाऱ्या कंपनीला त्यांनी तसे कळवले असून शेड सध्या धुऊन मोकळे पडले आहे. ते फार दिवस मोकळे ठेवता येणार नाही, त्यांचेही पोट त्यावर आहे.

११) तरी साहेबांना विनंती अशी की, मे महिन्यात ‘कवाड’ सगळ्या जगाला ऐकायला मिळण्याच्या आत, एखाद्या रविवारी दुपारी, शाळा बंद असताना, ते चिंचमळ्यात एकदा वाजविण्याची परवानगी द्यावी. बंदोबस्ताची गरज नाही. पोलीस पाठवायचाच असेल तर जरूर पाठवावा, त्यालाही चहा मिळेल. सेट कल्याणचा राहील, तो वाजवून झाल्यावर लगेच खाली उतरवून टेम्पोत भरला जाईल. पुन्हा वाजविण्याची मागणी अर्जदार करणार नाहीत. याबद्दल त्यांनी शिंगणापूरच्या दिशेने हात जोडून शपथ घेतली आहे.

१२) परवानगी देणे शक्यच नसेल तर अर्जदार यांचा दुसरा बेत साहेबांच्या कानावर घालणे लेखनिक आपले कर्तव्य समजतो. हा बेत लेखनिकास मान्य नाही. तो बाईंचा आहे.

अर्जदार मधल्या खोलीला कवाड बसविणार आहेत.

सुतार येऊन चौकटीचे माप घेऊन गेला आहे. मजबूत, जाड सागाचे कवाड बाईंनी सांगितले आहे. खिडकी विटांनी बुजवायची, कल्याणचा सेट आत लावायचा, कवाड आतून ओढून घ्यायचे आणि एकटीने मधोमध उभे राहायचे. आवाज बाहेर गेला नाही तर सरकारला काय अडचण, असा त्यांचा सवाल आहे. एवढ्याशा खोलीत तेवढा सेट लावला तर बाईंच्या कानाचे पडदे राहणार नाहीत, असे कल्याणने परोपरीने सांगितले. “न्हाई ऱ्हाईले तर न्हाई. त्याच्यानंतर मला काय ऐकायचंय?” असे त्यांचे उत्तर आहे.

वस्तीवर आजवर कोणाच्या घराला कवाड लागलेले नाही, आणि ज्या बाईने पोटच्या पोराला ते लावू दिले नाही तीच आता पहिले कवाड लावायला निघाली आहे. वस्तीवरच्या जाणत्या माणसांनी तिला अडवावे की कसे, याबद्दल दोन दिवस पारावर चर्चा झाली. शेवटी कोणी अडवायला गेले नाही. जाणार कोण, आणि तिच्यासमोर उभे राहून म्हणणार काय? लेखनिकाने तिला इतकेच विचारले की बाई, एकदा ते वाजून झाले की मग त्या कवाडाचे काय करणार. ती म्हणाली, “मंग काय, उघडंच ठेवायचं. आपल्यात कुठं लावत्यात?”

साहेब, कवाडाचे लाकूड येऊन ओट्यावर पडले आहे. साखर कारखान्यातली आवराआवर संपून भाऊ मोकळा व्हावा आणि हाताखाली यावा, याची सुतार वाट पाहतो आहे. तोवर आपला कागद आला तर ते लाकूड गोठ्याच्या कामी येईल. आपण मनात आणले तर एका सहीचे काम आहे.

परिच्छेद ७ वगळून बाकी अर्ज अर्जदार यांना वाचून दाखवला, तो त्यांना मान्य आहे. हाकेच्या ठिकाणी त्यांनी लेखनिकास थांबवले आणि ती ओळ मोठ्याने वाचायला सांगितली.

आपल्या सहीची वाट पाहणारी,

(सही) बनुबाई पुंजाराम येळवंडे
चिंचमळा वस्ती
दि. २१ एप्रिल २०२५

सोबत:
१) हर्षल पुंजाराम येळवंडे याच्या मृत्यूचा दाखला, सत्यप्रत.
२) वस्तीवरील सर्व घरांची संमती, पुष्पावती यांच्या पोल्ट्रीच्या खुलाशासह.
३) गीताचे बोल, एक ओळ, तीन प्रती. अर्थासह.
४) कल्याण यांचे हमीपत्र, नवीन फोटोसह.
५) ‘कवाड’ असलेला पेन ड्राइव्ह. साहेबांनी स्वतः ऐकून मग निर्णय द्यावा, परंतु मोबाईलवर ऐकू नये. मोबाईलवर फक्त हाक येते, उत्तर येत नाही.